फळ पाहावे की झाड? : टोमॅटोच्या वाणांची हकीकत



परसात टोमॅटोची दहा-बारा रोपे लावायची असे घरात ठरले, की कोणीतरी तालुक्याच्या गावी बियाण्याच्या दुकानात जाते आणि एक पाकीट घेऊन येते. पाकिटावर लालबुंद फळाचे चित्र असते. सगळ्याच पाकिटांवर असते! बैल घ्यायचा झाला तर आपण बाजारात त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि एवढे करूनही तो कोणाच्या दावणीचा हे विचारल्याशिवाय पैसे मोजत नाही. बियाण्याच्या बाबतीत मात्र चित्रावर भागवतो. आज तुम्हाला टोमॅटोच्या दावणीची हकीकत सांगायची आहे. त्याचे प्रत्येक वाण कोणीतरी, कोठेतरी, स्वतःच्या गरजेपोटी निवडलेले असते. ते कोणी निवडले आणि कशासाठी, हे कळले म्हणजे आपल्या परसाला कोणते चालेल हे ठरवणे पुष्कळ सोपे जाते.

टोमॅटो मूळचा आपल्याकडचा नव्हे. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि इक्वेडोर या देशांत, अजूनही उगवतात. त्यांची फळे करवंदाएवढी, काहींची त्याहूनही लहान. मोठ्या फळांची वाणे तयार झाली ती मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांच्या हातून. 'टोमॅटो' हा शब्दसुद्धा तिकडच्याच नाउआट्ल भाषेतल्या 'टोमाट्ल' वरून आला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते फळ युरोपात नेले आणि १५४४ साली इटलीतल्या मात्तिओली नावाच्या वैद्याने आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. हिंदुस्थानात ते आले तेव्हा लोकांना वांग्याची आठवण झाली, आणि ती रास्तच होती, कारण दोघेही एकाच कुळातले. बंगालीत त्याला 'बिलाती बेगुन' म्हणत, आपल्याकडे 'बेलवांगी', आणि विदर्भातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'भेदरं'. सर जॉर्ज वॉट यांनी १८८९ पासून हिंदुस्थानातल्या उपयुक्त वनस्पतींचा जो मोठा कोश प्रसिद्ध केला, त्यात टोमॅटो मुख्यतः युरोपियन लोकांसाठी लावला जातो आणि इथल्या लोकांना त्याची गोडी नुकती लागू लागली आहे, अशा अर्थाची नोंद आहे. ज्या फळावाचून आज कित्येक घरी आमटी होत नाही, त्याची ही चार-पाच पिढ्यांपूर्वीची गोष्ट!

पण आपला खरा विषय वाणांचा. त्यासाठी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, रेनोल्ड्सबर्ग या खेड्यात जायला हवे.

तिथे अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन नावाचा बियाणे पिकवणारा एक शेतकरी होता. त्याच्या तरुणपणी टोमॅटोची बहुतेक फळे खाचाखाचांची, वेडीवाकडी आणि आतून पोकळ असत. चिरायला बसले की अर्धे फळ फेकण्यात जाई. या माणसाच्या मनाने घेतले, की गुळगुळीत, भरीव आणि एकसारखे फळ देणारे वाण तयार करायचे. मग त्याने काय केले? तुम्ही-आम्ही जे करतो तेच. शेतातली उत्तमात उत्तम, मोठी, गोल फळे निवडली, त्यांचे बी धरले आणि पुढच्या साली पेरले. फळे आली ती पुन्हा खाचाखाचांचीच. पुन्हा निवड, पुन्हा पेरणी, पुन्हा तेच. एक-दोन नव्हे, सुमारे १५ वर्षे त्याने हा उद्योग केला आणि हाती काही लागले नाही.

मग त्याचे लक्ष एका झाडाकडे गेले. शेतात एक झाड बाकीच्यांहून वेगळे दिसत होते. पालवी दाट, आणि त्याच्यावरची सगळीच्या सगळी फळे गुळगुळीत. मात्र ती बाजारात चालणार नाहीत इतकी लहान होती. आधीच्या हिशेबाने त्याने त्या झाडाकडे पाहिलेसुद्धा नसते. या वेळी त्याने त्या एकाच झाडाचे बी वेगळे धरले आणि दुसऱ्या साली त्याच्या दोन लांब ओळी लावल्या. दोन्ही ओळींतली झाडे आईसारखी निघाली! तेथून पुढे ५ वर्षे त्याने त्यांच्यातूनच जरा मोठे फळ देणारी झाडे निवडली, आणि १८७० साली 'पॅरागॉन' या नावाने ते वाण बाजारात आणले. पुढे १८७५ साली 'अॅक्मी', १८८२ साली 'गोल्डन क्वीन', असा त्याच्या वाणांचा क्रमच लागला. १८९३ साली त्याने ही सारी हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे.

फळ न पाहता झाड पाहिले, एवढाच काय तो फरक. पण त्यामागचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. एका झाडाला वीस फळे लागली आणि त्यांतले एकच चांगले मोठे झाले, तर त्या एकाच्या बियांत काही निराळा गुण उतरलेला नसतो. ते फळ बुंध्याजवळच्या घोसातले असेल, त्याला पाणी अधिक मिळाले असेल, उन्हाची तिरीप बरोबर लागली असेल. बी मात्र वीसही फळांत त्या एकाच झाडाचे. म्हणून एकोणीस वाकड्या फळांतले एक सरळ फळ निवडले, तरी वारसा येतो तो वाकडेपणाचाच. डेन्मार्कमधले विल्हेल्म योहान्सन या शास्त्रज्ञांनी १९०३ साली घेवड्याच्या बियांवर प्रयोग करून हे सिद्ध केले. शुद्ध वाणाच्या एकाच कुळातले जड दाणे पेरा नाहीतर हलके पेरा, पुढच्या पिकाच्या दाण्यांचे सरासरी वजन तेच येते. लिव्हिंग्स्टनला हे शास्त्र माहीत नव्हते; त्याने ते १५ वर्षांच्या नापिकीतून हुडकले होते.

शिक्षकांना यात आणखी एक गोष्ट मुलांना दाखवता येईल. टोमॅटोचे पिवळे फूल हळूच उघडून पाहा. परागकोश एकमेकांना चिकटून त्यांची एक नळी झालेली दिसेल आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आत दडलेला असेल. वाऱ्याने फूल हलले की आतल्या आत पराग पडतात आणि फलधारणा होते. रानटी भाऊबंदांपैकी पुष्कळांचा स्त्रीकेसर नळीच्या बाहेर डोकावतो आणि त्यांना मधमाश्यांची गरज लागते. माणसाच्या हाताखाली आल्यावर टोमॅटो हळूहळू स्वावलंबी झाला. म्हणून भोपळा, काकडी किंवा मका यांचे बी शुद्ध राखायला जी यातायात करावी लागते, ती टोमॅटोला लागत नाही. दोन वाणे जवळजवळ लावली तर क्वचित एखादा संकर होतो, पण चार पावलांचे अंतर ठेवले आणि मधल्या झाडांचे बी धरले तर घरच्यापुरते काम भागते. अशा, आईसारखी लेकरे देणाऱ्या वाणांना आपण 'सरळ वाण' म्हणतो.

आता पुढची पन्नास-साठ वर्षे भराभर पाहू, कारण याच काळात वाण निवडणारा हात बदलला. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्लॉरिडात आपोआप खुंटणारे एक झाड सापडले. नेहमीचा टोमॅटो थंडी पडेपर्यंत किंवा मरेपर्यंत वाढतच राहतो. हे झाड मात्र ठरावीक उंचीवर थांबे आणि त्याची फळे थोड्या दिवसांत एकदम पिकून जात. आजची बहुतेक झुडपी वाणे त्याच्याच वंशातली आहेत. १९२५ साली अमेरिकन सरकारच्या शेतीखात्यातले प्रिचर्ड यांनी 'मार्व्हल' आणि 'ग्लोब' यांच्या संकरातून निवडून 'मार्ग्लोब' हे मर रोगाला दाद न देणारे वाण काढले. त्याच 'मार्ग्लोब'चा डबाबंद सूप करणाऱ्या कॅम्पबेल कंपनीच्या एका वाणाशी संकर करून न्यू जर्सीच्या सरकारी प्रयोगकेंद्राने १९३४ साली 'रटगर्स' दिले. ही दोन्ही सरळ वाणे होती आणि घरोघरच्या बागांतही ती खूप लागली. पण निवड करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आता कारखानाही उभा होता. १९६० नंतर तर कॅलिफोर्नियात जॅक हॅना यांनी यंत्राने तोडता यावीत म्हणून एकदम पिकणारी, जाड सालीची, आपटली तरी न फुटणारी फळे निवडली. यंत्राच्या दृष्टीने ती उत्तमच होती. त्यांत चव शोधणाऱ्या माणसाने यंत्राला दोष देऊ नये!

चवीवरून आठवले. जुन्या टोमॅटोच्या फळाचे खांदे, म्हणजे देठाजवळचा भाग, पिकेपर्यंत गडद हिरवा राही. व्यापाऱ्यांना तो नको होता, फळ सगळीकडे एकसारखे लाल व्हायला हवे होते. म्हणून सुमारे सत्तर वर्षे फिक्या, एकरंगी फळांची निवड होत गेली. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की त्या एकरंगीपणासाठी जो गुण निवडला गेला, त्यामुळे कच्च्या फळातले साखर तयार करण्याचे कामच मंद होते. दिसायला फळ सुधारले आणि गोडी कमी झाली. दुकानातल्या पाकिटावरचे चित्र पाहताना एवढे ध्यानात असू द्या.

आता एका मेकॅनिकची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात लोगन या गावी एम. सी. बाइल्स नावाचा गृहस्थ डोंगराच्या चढाच्या पायथ्याशी मोटारदुरुस्तीचे दुकान चालवी. चढावर ट्रकची इंजिने तापत, तो रेडिएटर दुरुस्त करून देई, म्हणून लोक त्याला 'रेडिएटर चार्ली' म्हणत. त्याच्या घरावर कर्ज होते ६,००० डॉलर. १९३० नंतरच्या त्या मंदीच्या दिवसांत त्याने घरामागे एक प्रयोग मांडला. मध्यभागी 'जर्मन जॉन्सन' या वाणाचे झाड आणि भोवती रिंगण करून आणखी मोठ्या फळांच्या वाणांची झाडे. तान्ह्या मुलाचा कान धुवायची रबरी पिचकारी घेऊन तो भोवतालच्या फुलांतले पराग गोळा करी आणि मधल्या झाडाच्या फुलांवर सोडी. आलेल्या रोपांतली चांगली तेवढी ठेवून बाकीची उपटून टाकायची, असे त्याने ६ वर्षे केले, तेव्हा त्याला हवे तसे मोठ्या, मांसल फळाचे स्थिर वाण मिळाले. मग तो एकेक रोप एक डॉलरला विकू लागला. लोक लांबून गाड्या घेऊन येत. सहा वर्षांत घर मोकळे झाले! त्या टोमॅटोचे नावच 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे आपल्या भाषेत 'गहाणफेड्या', पडले. ही हकीकत त्याने म्हातारपणी स्वतः सांगितलेली आहे.

मला यातली पैशांची बाजू तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, तरी घरामागच्या वाफ्यात त्याने वाण तयार केले, ही खरी गोष्ट. मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी हेच केले, आणि आपल्याकडे ज्वारीची कणसे बियाला निवडून आढ्याला टांगणाऱ्या आजीबाईंनीही हेच केले.

आता आपल्या देशात येऊ. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेने 'पुसा रुबी' हे सरळ वाण दिले. अमेरिकेतला 'सू' आणि इकडचा 'इम्प्रूव्हड मेरुती' यांच्या संकरातून ते निवडलेले आहे. ('पुसा' हे बिहारमधल्या गावाचे नाव. ही संस्था १९०५ साली तिथे स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडल्यावर ती दिल्लीला आली, पण नाव बरोबर घेऊन आली.) पुसा रुबीची फळे मध्यम, चपटी-गोल, किंचित खाचांची, आंबटसर आणि रसदार असतात, झाड वाढत राहते आणि फळ लवकर धरते. बंगलोरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने 'टिप-टॉप' या अमेरिकन वाणातून 'अर्का विकास' निवडले. त्याचे फळ ८० ते ९० ग्रॅम भरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची 'धनश्री' आणि 'भाग्यश्री' ही सरळ वाणे आपल्या हवेत निवडलेली, म्हणून ती आधी विचारात घ्यावी.

तुम्ही म्हणाल, पण शेजारचा शेतकरी तर हायब्रीड लावतो! लावू द्या, त्याचेही बरोबर आहे. १९७३ साली बंगलोरच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्स या कंपनीने मनमोहन अत्तावर यांच्या पुढाकाराने 'कर्नाटक' हा संकरित टोमॅटो बाजारात आणला, आणि तेथून आपल्या शेतीत संकरित भाजीपाल्याचे युग सुरू झाले. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कॅरेटमध्ये भरून जो टोमॅटो शेकडो कोस जातो, त्याला टणक, टिकाऊ आणि एकसारखे फळच हवे. शिवाय पांढऱ्या माशीने पसरणारा बोकड्या, मर आणि करपा यांना तोंड देण्याची ताकद अलीकडच्या काही संकरित वाणांत आणली आहे. ती जुन्या सरळ वाणांत तितकी नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्याला एकरभर टोमॅटो बाजारात न्यायचा आहे, त्याने केवळ अभिमानापोटी पुसा रुबी लावू नये.

पण हायब्रीडचे बी दर साली विकतच घ्यावे लागते. दोन वेगळ्या आईबापांचा पहिला वंश एकसारखा आणि जोमदार निघतो. त्याच्या फळातले बी पेरले की पुढच्या पिढीत आजोबा, आजी, मामा, आत्या सगळे वेगवेगळे उमटतात. शिवाय हे बी स्वस्त होणे कठीण. बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या बाजूला किंवा कर्नाटकात राणेबेन्नूरकडे कधी गेलात तर शेडनेटमध्ये चाललेले काम पाहा. मादी वाणाची कळी उमलण्याआधी चिमट्याने तिचे परागकोश काढायचे, मग नर वाणाचे पराग तिला लावायचे, असे एकेका फुलाला. हे काम बहुतांशी बायका करतात. पाकिटातल्या दाण्यामागे त्यांची बोटे असतात.

परसाचा हिशेब बाजारापेक्षा निराळा असतो. व्यापारी पिकवणाऱ्याला भरघोस उत्पन्न म्हणजे एका वेळी भरपूर माल. घरच्या बाईला भरघोस म्हणजे चार महिने रोज चार फळे. एकाच आठवड्यात पंचवीस किलो टोमॅटो पिकले तर ते शेजारी वाटण्यातच जातात. म्हणून परसाला झुडपी वाणापेक्षा काठीच्या किंवा मांडवाच्या आधाराने वाढत राहणारे वाण अधिक फळते. जागा अगदीच थोडी असेल किंवा कुंडीत लावायचे असेल तर झुडपी घ्यावे. सालीची जाडी इथे बिनमोल नव्हे, उलट पातळ साल आमटीत लवकर विरघळते. उन्हाळ्यात दिवसाचा पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की फुले गळतात, तेव्हा मार्च-एप्रिलनंतर वाणाला दूषण देण्यात अर्थ नाही. सप्टेंबरात बी टाकून ऑक्टोबरात रोपे लावणे परसाला सर्वांत सोयीचे. पहिल्या साली दोन-तीन सरळ वाणांची चार-चार रोपे लावा. आपली माती आणि आपले पाणी कोणाला मानवते ते झाडेच सांगतील.

आणि मग बी धरताना लिव्हिंग्स्टनची आठवण ठेवा. हंगामाच्या मध्यावर सगळ्या झाडांभोवती एकदा फिरा. ज्याची पाने निरोगी, ज्याला पहिल्या घोसापासून फळ धरत आले आहे, ज्याची सगळी फळे सारखी आहेत, अशा दोन-तीन झाडांना चिंधी बांधा. त्यांच्यावरचे सर्वांत मोठे फळ खुशाल खाऊन टाका, काही बिघडत नाही! बियाला साधेच, पण पूर्ण पिकलेले फळ घ्या. गर काचेच्या भांड्यात पिळून एक-दोन दिवस आंबू द्या, म्हणजे बियांवरचा बुळबुळीत पापुद्रा सुटतो. मग पाणी घालून ढवळा. भरीव बी तळाशी बसते, पोचट वर येते. धुऊन ताटलीत पसरून सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसते. कोरड्या बाटलीत भरून वर वाणाचे नाव आणि साल लिहा. नीट कोरडे राहिले तर हे बी तीन-चार वर्षे उगवते. असे बी ठेवण्याचा, पेरण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला आहे.

ज्या शाळेला थोडी जागा आहे तिथल्या शिक्षकांनी या हंगामात एक प्रयोग जरूर करावा. बाजारातून आणलेल्या एका संकरित टोमॅटोचे बी काढून त्याची २० रोपे एका ओळीत लावा आणि शेजारच्या ओळीत पुसा रुबीची २०. मुलांना झाडे वाटून द्या. पहिले फूल कोणत्या दिवशी आले, झाडाची उंची किती, फळ गोल की लांबट, हे ज्याचे त्याने वहीत लिहावे. जानेवारीत प्रत्येक झाडाची तीन-तीन फळे वर्गात टेबलावर झाडाच्या क्रमाने मांडा. एका बाजूला सगळी भावंडे, दुसऱ्या बाजूला सगळा गोतावळा दिसेल. मग मुलांना विचारा, यांतल्या कोणत्या झाडाला चिंधी बांधायची?